अजून नावाचे अव्यय

मराठी व्याकरणकारांनी अव्ययांवर पुष्कळ शाई खर्ची घातली असली, तरी ‘अजून’ या क्षुल्लक दिसणाऱ्या शब्दाच्या ठायी द्रव्य निर्माण करण्याचे केवढे सामर्थ्य वसत आहे, याची दखल दामल्यांपासून आजतागायत कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. ‘पान अजून वाढले नाही’ या वाक्यात तो फिर्यादी असतो. ‘स्वयंपाक अजून चालला आहे’ या वाक्यात तो आरोपीचा वकील होतो. आणि ‘अजून वाढा’ म्हणताक्षणी तो उघडउघड वसुली कारकुनाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. तीन परस्परविरोधी भूमिका अंगरखाही न बदलता वठविणारा इतका निर्लेप नट आमच्या रंगभूमीला लाभता, तर नाटक मंडळ्यांवर दिवाळे काढण्याची पाळी आली नसती.

हा शब्द सध्या जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोठे राबत असेल, तर तो मंत्रालयात नव्हे (तेथील मंडळींनी खंत करण्याचे कारण नाही, दुसरा क्रमांक निःसंशय त्यांचाच), तर ‘स्टार सिटिझन’ नावाच्या, अंतराळात चालणाऱ्या एका ऑनलाइन खेळात होय. १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन शहरी ख्रिस रॉबर्ट्स या गृहस्थांनी त्याची घोषणा केली. हे गृहस्थ काही नवशिके नव्हेत. १९९० सालच्या ‘विंग कमांडर’ या खेळाचे ते जनक. पुढे १९९९ साली त्यांनी ‘फ्रीलान्सर’ नावाचा दुसरा अंतराळखेळ जाहीर केला. पण काम इतके लांबले आणि बेत इतके फुगले, की अखेर मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, रॉबर्ट्स बाहेर पडले, आणि बेतांना यथेच्छ कात्री लागून तो खेळ २००३ साली एकदाचा बाजारात आला. अशा अनुभवातून तुमच्याआमच्यासारख्याने अंथरूण पाहून पाय पसरण्याचा बोध घेतला असता. रॉबर्ट्स यांनी घेतलेला बोध अधिक मौलिक होता: कात्री ज्याच्या हाती असते तो प्रकाशक नावाचा सावकारच मध्ये नको.

तेव्हा त्यांनी थेट रयतेपुढे पदर पसरला. किकस्टार्टर या वर्गणीच्या पेढीवर पाच लाख डॉलर मागितले असता ३४,३९७ माणसांनी मिळून २१,३४,३७४ डॉलर टाकले, आणि त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील जमा त्यात मिळवता मोहीम संपेतो ही रक्कम ६२ लाखांवर गेली. खेळ नोव्हेंबर २०१४ च्या सुमारास हाती पडेल असा अंदाज त्या वेळी छापलेला होता. आता, पेढीवर मागितलेल्या रकमेच्या बारापट रक्कम हाती आल्यावर काम लवकर संपेल असे जर कोणास वाटत असेल, तर त्याने सार्वजनिक बांधकाम खात्याचा इतिहास वाचलेला नाही. रक्कम वाढली तसा संकल्प वाढला. अमुक लाख जमल्यास शंभर तारकामंडले. तमुक कोटी जमल्यास परग्रहवासीयांच्या भाषा, त्याही भाषाशास्त्रज्ञाकडून रीतसर घडवून. आणि पुढे पुढे तर जहाजावर पाळावयाचे प्राणी. २०१४ चा नोव्हेंबर उजाडला, जमा साडेसहा कोटी डॉलरांवर गेली, आणि खेळाऐवजी खेळात काय काय असेल याची यादी तेवढी पूर्ण झाली. मध्यंतरी ऑगस्ट २०१३ मध्ये वर्गणीदारांना एक हँगर मिळाला होता. त्यात वर्गणीच्या बदल्यात नावावर झालेले आपले अंतराळजहाज उभे असे, त्याच्याभोवती हिंडता येई, आत जाऊन बसता येई. ते उडत मात्र नसे. आमच्याकडे नवी मोटार घेतलेला माणूस पहिला महिनाभर साधारण असाच वागतो, त्यामुळे यात मला विशेष गैर दिसत नाही.

जमा पुढे कोठवर गेली ते सांगून हा रुक्ष भाग संपवतो. २०२५ साली ती ८० कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली. माझ्या एका मित्राने लगेच चांद्रयान-३ च्या सुमारे ६१५ कोटी रुपयांच्या खर्चाशी तुलना करून, एवढ्यात दहा याने चंद्रावर उतरली असती, असा हिशेब मांडला. ही तुलना मला अन्यायाची वाटते. इस्रोला यान खरोखर उतरवावयाचे होते. त्यामुळे काम एकदाचे संपविण्याखेरीज त्यांना गत्यंतरच नव्हते.

माझा एक भाचा पुण्यास संगणकाच्याच व्यवसायात आहे. २०१३ साली, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना, त्याने साठविलेल्या पैशांतून ‘अरोरा’ नावाचे लहानसे जहाज घेतले. आज त्याची कन्या पहिलीत जाते. त्याची कोणतीही तक्रार नाही, हे सदरात स्पष्ट लिहावे, असे त्याने मला बजावले आहे, आणि मी ते येथे लिहून मोकळा होतो. या विषयातील माझी सारी परिभाषा त्याचीच देणगी आहे. पहिल्याच बैठकीत मी ‘तू जहाज विकत घेतलेस’ असे म्हणालो, तेव्हा सोवळ्याला शिवल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, “विकत नाही हो मामा. प्लेज.”

या एका शब्दात सगळी सनद सामावलेली आहे. विकत घेतलेल्या वस्तूला मुदत असते, नादुरुस्तीची कैफियत असते, आणि फारच झाले तर ग्राहक मंचाची पायरी असते. प्लेज म्हणजे संकल्प. संकल्पाला यांतले काही नसते, आणि देवाला नवस बोलून वर पावती मागण्याचा प्रघात आपल्या धर्मात तरी नाही. प्लेज करून मिळणारी जहाजे पुष्कळदा चित्राच्याच अवस्थेत असतात. ज्याचे जहाज अजून घडलेले नाही, त्याला ते घडेपर्यंत दुसरे एखादे तयार जहाज वापरावयास मिळते. ज्याची इमारत पुनर्विकासाला गेलेली आहे अशा कोणाही मुंबईकराला या व्यवस्थेचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. संक्रमण शिबिरात लहानाचे मोठे झालेले लोक माझ्या परिचयाचे आहेत. ‘बानू मर्चंटमन’ नावाचे एक व्यापारी गलबत २०१३ साली चित्रावरून विकले गेले. दशक उलटले तरी ते चित्रातून बाहेर आले नव्हते, पण त्याची किंमत मात्र त्या अवधीत चढत गेली. वाणिज्यशास्त्रात वस्तू जुनी होत जाते तशी घसारा धरून तिचे मोल कमी करतात. न घडलेल्या वस्तूला घसारा नाही, हा शोध या खेळाच्या नावावर जमा करावा लागेल.

शिवाय विमा. आरंभीच्या वर्गणीदारांना आणि पुढे कित्येक जहाजांच्या पहिल्या खेपेच्या घेणाऱ्यांना आजन्म विमा मिळाला.

“आजन्म म्हणजे कोणाच्या जन्माचा?” मी विचारले.

“जहाजाच्या असेल.”

“पण त्याचा जन्म अजून व्हायचाय ना?”

“मग हप्ताही नाही ना मामा!”

यावर विमा महामंडळात चौतीस वर्षे काढलेले माझे साडूही निरुत्तर झाले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये या विश्वातील जमिनीचे दावे विक्रीस निघाले. चार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा ५० डॉलरांना, आठ किलोमीटर लांबरुंद तुकडा १०० डॉलरांना. लहान तुकडादेखील सुमारे चार हजार एकरांचा भरतो. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेच्या कायद्याने अशा खातेदाराची रवानगी थेट चौकशीत झाली असती. येथे मोजणी नाही, चतुःसीमा नाही, फेरफार नाही, सातबारा नाही, आणि मुख्य म्हणजे दाव्याची खूण जमिनीत रोवण्याची सोय खेळात अजून केलेली नव्हती. तरी घेणारे निघाले. ही खरेदी ऐच्छिक आहे, खेळात कमावलेल्या नाण्यांवरही पुढे जमीन मिळेल, असा खुलासा सोबत होताच. मला त्यात सर्वांत हृद्य वाटते ते हे, की त्या जमिनीला एकही तलाठी नाही.

मे २०१८ मध्ये तर सत्तावीस हजार डॉलरांचा एक संच निघाला, ज्यात त्या वेळेपर्यंतची जवळजवळ सर्व जहाजे एकत्र मिळत. आणि तो कोणालाही पाहता येऊ नये म्हणून, आधी हजार डॉलर ज्याने खर्च केले असतील त्यालाच त्याचे पान उघडे, असा बंदोबस्त होता. दुकानाच्या काचेतून आत पाहण्यासाठी तिकीट लावण्याची कल्पना आमच्या लक्ष्मी रोडवरील व्यापाऱ्यांना अद्याप सुचलेली नाही, हे आमचे भाग्य.

आता खेळाडूंच्या मतांकडे वळतो; या लेखाचा खरा विषय तोच आहे. बाहेरच्या माणसाची अशी समजूत होते की येथे श्रद्धावान आणि पाखंडी असे दोन पंथ असून त्यांच्यात वस्तुस्थितीविषयी मतभेद आहेत. तसे मुळीच नाही. दोन्ही पक्ष तीच कागदपत्रे दाखल करतात, त्याच तारखा सांगतात. इतकेच काय, लिफ्टने प्रवाशाला मजल्यावर नेण्याऐवजी यमसदनास धाडणे, हॉटेलातील पात्रांनी खुर्चीवर बसण्याऐवजी उभे राहणे, आणि तासभर खपून जमविलेला माल धक्क्याला लागण्याच्या क्षणी सर्व्हरने मान टाकणे, या तिन्ही गोष्टी दोन्ही पक्षांना सारख्याच मान्य आहेत. भांडण केवळ व्याकरणाचे आहे. एक म्हणतो, ‘अजून झाला नाही.’ दुसरा म्हणतो, ‘अजून होतोय.’ आणि कोणत्याही आक्षेपावर दुसऱ्याने फेकावयाचे ब्रह्मास्त्र म्हणजे ‘अल्फा आहे’ (खेळ अजून कच्च्या, चाचणीच्या अवस्थेत आहे) हे दोन शब्द. लिफ्ट पडली? अल्फा आहे. जहाज जमिनीत रुतले? अल्फा आहे. ग्रीक वर्णमालेच्या पहिल्याच अक्षरावर इतकी वर्षे मुक्काम केलेला दुसरा विद्यार्थी मला ठाऊक नाही. आमच्या काळी अशा मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावीत.

परंतु मतांचे माझे जे थोडेबहुत निरीक्षण आहे त्यावरून मला असे दिसते, की माणसाचे मत त्याच्या पावतीच्या तारखेवरून ओळखता येते. काल-परवा पैसे भरलेला सर्वांत उत्साही. त्याला कालच्या पॅचमध्ये झालेली सुधारणा दिसते आणि मागचे तप त्याच्या खात्यावर नावे पडलेले नसते. पाचसहा वर्षांचा जुना सर्वांत संतप्त. त्याच्यापाशी वचनांची टाचणे लावलेली यादी असते. आणि जो अगदी आरंभीचा, २०१२ चा, तो बहुधा शांत असतो. त्याने खेळाची वाट पाहता पाहता लग्न केले, मुले वाढविली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. कधी आठवण झालीच तर तो गावाकडच्या सामाईक जमिनीविषयी बोलावे तशा सुरात, ‘आहे आपलं तिकडं काहीतरी,’ एवढेच म्हणतो.

श्रद्धावानांचा युक्तिवाद मी टाकाऊ मानीत नाही, हे येथे नमूद करतो. त्यांचे म्हणणे असे, की मोठमोठ्या कंपन्यांना हाताशी तयार कारखाना आणि हजारो कामगार असतानाही एक खेळ उभा करण्यास सात-आठ वर्षे लागतात. यांना तर आधी कारखानाच बांधावा लागला, आणि जे करावयाचे ते पूर्वी कोणी केलेले नाही. यातील दुसरा भाग खरा आहे. सामान्यतः अशा खेळात एक सर्व्हर एक जग सांभाळतो, आणि येथे बराच काळ एका जगात पन्नासाच्या आसपास माणसे मावत. विश्व अनेक सर्व्हरांत वाटून द्यावे आणि खेळाडू एका सर्व्हरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला तरी त्याला चाहूलही लागू नये, अशी ती ‘सर्व्हर मेशिंग’ची विद्या. एका मामलेदाराच्या दप्तरातून शेजारच्या तालुक्यात कागद जाताना त्याचे जे हाल होतात ते ज्याने पाहिले आहेत, त्याला या विद्येची दुर्घटता वेगळी सांगण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती काही अंशी साधली, आणि तिच्याबरोबर ‘पायरो’ हे दुसरे तारकामंडल खुले झाले. शंभरांपैकी दुसरे. पाखंड्यांनी लगेच त्रैराशिक मांडून शंभरावे कोणत्या शतकात उघडेल याचा हिशेब केला. श्रद्धावान म्हणाले, पहिलेच अवघड असते. दोघेही खुशीत होते.

वेळापत्रकाचा प्रश्न मात्र श्रद्धेनेही सुटेना. केव्हा काय येणार याचा एक आराखडा असे. त्यातील तारखा तहकूब होत. २०२० साली कंपनीने नवा आराखडा काढण्याचे ठरविले, आणि तो केव्हा निघेल हे कळावे म्हणून त्या आराखड्याचाही आराखडा पुढे केला. हे वाचून मी क्षणभर टोपी काढून उभा राहिलो. आमच्या नगरपालिकेने उपसमितीची उपसमिती नेमली होती, पण तिला वेळापत्रक दिल्याचे स्मरत नाही. २०२२ साली त्याहून धाडसी पाऊल पडले: काही गलबला करणारे लोक अंदाजालाच वचन समजतात, सबब पुढील तिमाहीपलीकडचे आराखड्यात दाखवूच नये. खेळाडू संतापले. वचन मोडल्याचा त्यांना आता सराव होता, पण मोडावयास वचनच नसावे ही नवी आपत्ती होती. त्याच वर्षी वर्गणी ११ कोटी डॉलरांवर गेली. पुढच्या वर्षी त्याहून अधिक.

याच छत्राखाली ‘स्क्वाड्रन ४२’ नावाचा एकट्याने खेळावयाचा धाकटा भाऊही वाढतो आहे. मार्क हॅमिल, गॅरी ओल्डमन, जिलियन अँडरसन यांच्यासारखी नटमंडळी त्यात असल्याचे २०१५ साली जाहीर झाले आणि २०१६ हे साल ठरले; २०२३ साली त्यातील सर्व कलमे तयार असून आता केवळ झिलई बाकी असल्याचे सांगण्यात आले, आणि २०२४ साली प्रकाशनासाठी २०२६ हे साल नव्याने नेमण्यात आले. झिलईला लागणारा वेळ पाहता भांडे कोणत्या धातूचे असावे याविषयी खेळाडूंत तर्क चालू असतात.

‘इंडी’, म्हणजे कोणा प्रकाशकाच्या ताबेदारीत नसलेला, असे या खेळाचे वर्णन आरंभी होत असे आणि अजूनही होते. मँचेस्टर, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, फ्रँकफर्ट, माँट्रियल अशा ठिकाणी मिळून हजारावर माणसे या कामाला लागली, आणि २०१८ साली एका धनिक घराण्याने ४ कोटी ६० लाख डॉलर घालून भागीदारीही घेतली. तेव्हा ‘स्वतंत्र’ या शब्दात आता एवढाच अर्थ शिल्लक दिसतो, की ‘कधी?’ असे विचारून उत्तर मिळविण्याचा अधिकार असलेला सावकार तेथे अजून आलेला नाही. लाखो धनको आहेत. पण धनको लाखो झाले की ऋणको सुखी होतो. खरोखरीचा लहान कारखानदार कसा असतो तेही त्याच २०१२ सालाने दाखविले होते. ‘लिमिट थिअरी’ नावाचा अंतराळखेळ एक माणूस जवळजवळ एकट्याने करू पाहत होता. १,८७,८६५ डॉलर त्याने जमविले, सहा वर्षे रक्त आटविले, आणि २०१८ साली, माझ्याने होत नाही, असे सांगून तो थांबला. तो फसला, कारण त्याने ‘नाही’ हा शब्द वापरला. तिसरा अंतराळखेळ ‘एलीट डेंजरस’. तोही त्याच सुमारास वर्गणी मागून डिसेंबर २०१४ मध्ये बाहेर आला. आलेल्या खेळात खोली नाही, अशी कुरकुर त्याचे खेळाडू पहिल्या दिवसापासून करू लागले. प्रकट झालेल्या देवाच्या मूर्तीत दोष काढता येतात. गाभारा बंद असला की प्रत्येकाला आपापल्या मनातील देव दिसतो.

येथे हे प्रकरण निकालात काढून मोकळे होता आले असते, पण भाच्याने मला एकदा तो खेळून दाखविला, ही अडचण आहे. त्याचे ते इवले अरोरा एका शहराच्या धक्क्यावरून उठले, ढगांतून वर आले, निळाई काळी झाली, ग्रहाची कड वाकली, आणि मध्ये कोठेही पडदा न पडता आम्ही अवकाशात होतो; मागे वळून पाहिले तर ज्या घरांवरून निघालो ती घरे खाली तशीच होती. मी काही वेळ बोललो नाही. तेवढ्यात दूर कोणा अनोळखी इसमाने जखमी होऊन धावा केला. तो कोठल्या देशात बसला होता कोण जाणे. अशांना वाचविण्यासाठी फुकट धावून जाणारी, खेळाडूंनीच उभारलेली रुग्णवाहिका पथके तेथे आहेत, असे भाचा म्हणाला. खेळात ती सोय करा असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. अपुऱ्या बांधलेल्या वाड्यात बिऱ्हाड थाटून, गळत्या कौलाखाली पातेले ठेवून, शेजारधर्मही पाळणारी ही माणसे पाहिल्यावर त्यांना भोळे म्हणण्याचा माझा उत्साह बराच ओसरला. माझा गृहनिर्माण संस्थेचा अनुभव याच्या नेमका उलटा आहे. वाडा पूर्ण, शेजारधर्म अजून यावयाचा.

२०२५ हे वर्ष नव्या करामतींऐवजी स्थैर्याला आणि खेळणे सुसह्य करण्याला वाहिलेले असेल, असे कंपनीने त्या वर्षाच्या आरंभी जाहीर केले. खेळ खेळता यावा, हे धोरण तेराव्या वर्षी अंमलात येताच खेळाडूंत समाधानाची लाट पसरली, आणि भाच्यानेही ते मला कौतुकाने सांगितले.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. फराळ झाला. भाच्याने नवा संगणक घेतला असल्याने खेळ त्यावर नव्याने उतरवून घेणे चालले होते. शंभर गिगाबाइटांच्या वरचे ते प्रकरण, पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि तिच्यासमोर त्याची मुलगी मांडीवर चकलीची बशी घेऊन बसली होती.

“झालं का बाबा?” तिने विचारले.

“अजून नाही.”

“मग काय चाललंय?”

“अजून चाललंय.”

ती पुन्हा पट्टीकडे पाहू लागली. आतून ताईने, चहा आणखी हवा का, असे विचारले. मी पट्टीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि काढून ठेवलेला कोट पुन्हा खुंटीला अडकवीत म्हणालो, “अजून अर्धा कप.”